मदत हवी आहे : मुखकर्करोगाच्या रुग्णाची घरी शुश्रूषा – मॉर्फिनच्या गोळ्या, नाकातील नळी आणि गालावरची जखम (देवगड तालुका)

नमस्कार.

माझ्या आत्याला (वय ६४) गालाच्या आतील बाजूचा कर्करोग आहे. मुंबईत शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार झाले. काही काळ ती बरी होती, परंतु त्याच बाजूला गाठ पुन्हा आली आणि आता ती गालाच्या त्वचेतून बाहेर फुटली आहे. रोग हटवण्यासाठी आणखी उपचार करण्याने तिला त्रासच अधिक होईल, यापुढे वेदना आटोक्यात ठेवण्यावर भर द्यावा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आत्याने स्वतः ते ऐकले आहे आणि तिला घरीच राहायचे आहे. त्यामुळे वनौषधी किंवा पथ्याचे प्रयोग कृपया सुचवू नयेत. मला रोजच्या शुश्रूषेविषयी नेमकी माहिती हवी आहे.

तिचे तोंड जेमतेम एक बोट जाईल इतकेच उघडते, म्हणून नाकातून नळी घातलेली आहे आणि अन्न, पाणी, औषधे सर्व काही त्यातूनच जाते. घरी मी, माझी आई आणि आतेभाऊ असे तिघे आहोत. पुढील बाबतींत आमचा गोंधळ होत आहे.

पहिली बाब औषधांची. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाची १० मिलिग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी, असे कागदावर लिहिले आहे. आत्या मात्र असह्य होईपर्यंत मागत नाही, आणि आतेभावाचे म्हणणे असे की मागत नसेल तर देऊ नये, कारण सवय लागेल आणि शेवटी गोळीचा उपयोगच होणार नाही. मागच्या खेपेस दीर्घकाळ परिणाम करणारी, दिवसातून दोनदा द्यायची गोळीही दिली आहे. ती अजून सुरू केलेली नाही, कारण नळीतून द्यायची तर कुटावी लागेल, आणि ती कुटलेली चालते का, हे विचारायचे राहून गेले.

दुसरी बाब जखमेच्या वासाची. आत्याला त्याची इतकी लाज वाटते की ती माजघरात कोणाला येऊ देत नाही. शेजारच्या एक बाई जखमेवर हळद दाबा म्हणतात. दुसऱ्या एकीने तिच्यासाठी पेला वेगळा ठेवायला सांगितला, त्यावर आईने काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही.

तिसरी बाब आहाराची. सध्या आम्ही उकड्या तांदळाची पेज, शहाळ्याचे पाणी आणि दूध देतो, तरी तिचे वजन उतरत चालले आहे. पोटही साफ होत नाही. त्यावर इसबगोल द्यावे का?

शेवटचे म्हणजे, आमचे घर रस्त्यापासून बरेच खाली आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे. मॉर्फिन येथील औषधांच्या दुकानांत मिळत नाही. प्रत्येक वेळी मुंबई गाठण्याखेरीज दुसरा मार्ग आहे का, आणि घरी येऊन पाहणारी परिचारिका मिळू शकते का?

प्रतिसाद (रत्नागिरी)

औषध मिळण्यापुरते लिहितो, कारण वडिलांच्या वेळी मी यातून गेलो आहे. मॉर्फिनवर १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण आहे, म्हणून नेहमीचे दुकानदार ते ठेवत नाहीत. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते साठवून रुग्णांना देणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. म्हणजे दुकाने पालथी न घालता अशी मान्यता असलेले रुग्णालय शोधावे. तुम्हांला मुंबईपेक्षा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, तेथे आणि सिंधुदुर्गाच्या जिल्हा रुग्णालयात आधी दूरध्वनी करून चौकशी करा. आम्हांला चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय सोयीचे होते, तेथेही कर्करोगावर उपचार होतात. चौकशी करताना ‘रुग्णाला न आणता नातेवाइकाने कागदपत्रे दाखवून औषध नेले तर चालेल का’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. मूळ केसपेपर, शेवटचे औषधपत्र, रुग्णाचे आणि नेणाऱ्याचे ओळखपत्र, तसेच उरलेल्या गोळ्यांचा हिशेब सोबत ठेवावा. पावसाळ्यासाठी जास्तीत जास्त किती दिवसांचे औषध एका वेळी मिळेल, हेही आताच विचारून ठेवा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात भाडेसवलत असते, तिचा ठरावीक नमुन्यातील दाखला रुग्णालयातूनच मिळतो.

प्रतिसाद (सावंतवाडी, निवृत्त परिचारिका)

मी अनेक वर्षे कर्करोग विभागात काम केले आहे. डोस बदलण्याचा अधिकार तुमच्या डॉक्टरांचा आहे, ते गृहीत धरून लिहिते.

सर्वांत आधी त्या दुसऱ्या गोळीविषयी. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कधीही कुटू नये. तिच्यातील औषध बारा तासांत थोडे थोडे सुटावे अशी तिची रचना असते. ती कुटली की सगळे औषध एकदम अंगात जाते आणि त्याने श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. तुमच्या आत्या नळीवर आहेत, तेव्हा ते पाकीट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना तसे कळवा. साधी १० मिलिग्रॅमची गोळी मात्र बारीक कुटून थोड्या पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. इतर औषधांपैकी कोणती कुटता येतात, याचीही यादी एकदा करून घ्या, आणि प्रत्येक औषध वेगळे विरघळवून मध्ये थोडे पाणी सोडून द्या.

आता वेळेविषयी. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते घड्याळ पाहून द्यायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांवरील उपचारांची जी पद्धत घालून दिली, तिच्यातही औषध घड्याळाप्रमाणे द्यावे हे तत्त्व होते. दुखणे उसळल्यावर दिलेली गोळी त्या दुखण्याच्या मागे धावत राहते आणि मग मात्राही जास्त लागते. तुमच्या आतेभावांची भीती मी शेकडो घरांतून ऐकलेली आहे. वेदनेसाठी, ठरवून दिलेल्या मात्रेत मॉर्फिन घेणाऱ्या अशा रुग्णाला व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. शरीराला औषधाची सवय होते हे खरे, म्हणून ते एकाएकी बंद करायचे नसते, पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. ‘शेवटी उपयोग होणार नाही’ हेही खरे नाही, कारण वेदना वाढली तर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवता येते. आत्या मागत नाहीत म्हणजे दुखत नाही, असे धरू नका. आपल्याकडच्या त्या पिढीतील बायका दुखणे सांगणे म्हणजे घरच्यांना त्रास देणे असे मानतात, आणि तोंड नीट उघडत नसेल तर सांगणार तरी कशा? त्यांना मागायला लावूच नका. अनेक डॉक्टर रात्री झोपताना दुप्पट मात्रा लिहून देतात, म्हणजे मध्यरात्रीची गोळी टळते आणि घरच्यांनाही झोप मिळते. त्याविषयी विचारा, परंतु मनाने करू नका.

सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ राहते, ती बहुधा आपोआप ओसरते. मात्र हलवून, हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असेल, तर पुढची गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांशी बोला.

बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. मॉर्फिनमुळे आतड्यांची हालचालच मंदावते, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून रोज द्यावे लागते. इसबगोल देऊ नका. ते पाण्यात फुगते, त्यामुळे नळी हमखास तुंबेल, आणि पाणी कमी पडले तर आतड्यातही गोळा होऊन बसेल. आतड्यांना चालना देणारे औषध, बिसाकोडिल किंवा सोनामुखीच्या वर्गातले, नळीतून देता येईल अशा रूपात डॉक्टरांकडून लिहून घ्या. बिसाकोडिलची नेहमीची गोळीही कुटायची नसते, म्हणून ‘नळीतून द्यायचे आहे’ हे आवर्जून सांगा.

जखमेचा वास हा अस्वच्छतेचा नसतो, हे आत्यांना सांगा. मृत पेशींमध्ये हवेशिवाय वाढणारे जिवाणू असतात, त्यांचा तो वास. मेट्रोनिडाझोल या जिवाणूनाशक औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड किंवा त्याचे जेल जखमेवर लावल्यास वास पुष्कळ कमी होतो, बहुधा काही दिवसांतच फरक जाणवतो. डॉक्टरांना विचारून तेच सुरू करा. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे, कोमट झाल्यावर त्याची हलकी धार सोडून जखम धुवावी आणि चोळू नये. जुने गॉझ चिकटले असेल तर त्याच पाण्याने पूर्ण भिजवून मगच काढावे, कोरडे ओढले की रक्त येते. हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट यांतले काहीही नको. लाळ झिरपून भोवतालची त्वचा सोलवटते, तिच्यावर झिंक ऑक्साइडचे मलम किंवा व्हॅसलीन लावा. पावसाळ्यात माश्यांचे फार भय असते, त्या बसल्या तर जखमेत अळ्या होतात, म्हणून जखम कायम झाकलेली आणि दिवसाही मच्छरदाणी लावलेली असावी.

रक्तस्रावाविषयी आधीच बोलून ठेवणे बरे. अशा जखमेतून रक्त येऊ शकते. उशाजवळ गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल ठेवा, कारण पांढऱ्या कापडावर थोडे रक्तही घाबरवून सोडते. स्वच्छ घडी ठेवून दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबून धरावे, आणि रक्त घशात जाऊ नये म्हणून त्यांना कुशीवर वळवावे. अचानक फार रक्त आले तर काय करायचे, कोणते औषध घरी ठेवायचे आणि अशा वेळी रुग्णालयात हलवायचे की नाही, हे आत्यांच्या इच्छेसह डॉक्टरांशी आताच ठरवा.

आहाराबाबत सांगायचे तर, पेज आणि शहाळे यांनी पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही, कारण दोन्हींत मुख्यतः पाणी असते आणि प्रथिने नाममात्र. पेजेत मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, दुधाची पावडर, चमचाभर तेल घाला. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून द्या. अंडे पूर्ण उकडून दुधाबरोबर मिक्सरमधून काढा, कच्चे घालू नका. आत्या मासे खाणाऱ्या असतील तर मोरी माशाचा तुकडा शिजवून, मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून देता येतो. जे द्याल ते गाळलेले आणि कोमट असावे, आणि कोकणातील उकाड्यात सकाळचे संध्याकाळी देऊ नये. एका वेळी दोनशे ते अडीचशे मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी पुरे. देण्यापूर्वी नाकपुडीजवळची नळीवरील खूण हललेली नाही ना, ते पाहा. डोके आणि पाठ उंच करून बसवा, अन्न सिरिंजच्या नळकांड्यातून आपल्या वजनाने उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. आधी आणि नंतर ३० ते ५० मिलिलिटर पाणी सोडा, आणि नंतर निदान अर्धा तास आडवे करू नका. नळी निसटली तर घरी परत घालण्याचा प्रयत्न करू नये, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

तोंडातून काही जात नसले तरी तोंडाची स्वच्छता थांबवू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून, त्यात भिजवलेल्या मऊ गॉझने दर तीन-चार तासांनी हळुवार पुसावे.

घरी येण्याविषयी : केंद्र सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिर (पूर्वीचे नाव आरोग्यवर्धिनी) उपकेंद्रांतून द्यायच्या सेवांत पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, समावेश आहे. आशाताईंमार्फत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी बोलवा. त्यांना या कामाचा अनुभव नसला तरी ड्रेसिंग पाहणे, प्राथमिक आरोग्य केंद्रातून साहित्य मिळवणे आणि नळी बदलण्याची व्यवस्था करणे एवढे त्या नक्की करू शकतील. घरी निभावणे अशक्य झाले तर गोव्यात लोटली येथे शांती अवेदना सदन आहे. बरा होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना तेथे विनामूल्य ठेवून घेतात. आत्यांना घरी राहायचे आहे हे वाचले, तरीही हा पत्ता माहीत असावा.

आणि पेला वेगळा ठेवण्याची गरज नाही. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

धागाकर्ती

आपले दोघांचे मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी आतेभावाला वाचून दाखवला, आणि कालपासून गोळ्या घड्याळाप्रमाणे सुरू आहेत. दोन शंका उरल्या आहेत. ड्रेसिंगच्या वेळी गोळी चालू असूनही तिला फार दुखते, त्यासाठी काही करता येईल का? आणि दोन गोळ्यांच्या मध्येच वेदना उसळली तर चार तास पूर्ण होण्याची वाट पाहायची का?

प्रतिसाद (सावंतवाडी, निवृत्त परिचारिका)

वाट पाहायची नाही. मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा मात्रा किती द्यायची, हे डॉक्टर स्वतंत्रपणे लिहून देतात. तुमच्या कागदावर ती नसेल तर आजच फोन करून विचारा. जादा मात्रा दिली तरी पुढची नेहमीची गोळी तिच्या वेळेवरच द्यायची, पुढे ढकलायची नाही. पोटातून दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून ड्रेसिंग नेहमीच्या गोळीनंतर अर्ध्या ते एका तासाने करावे. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या संमतीने जादा मात्रा आधी देऊन मग पट्टी सोडावी.

एका वहीत गोळीची वेळ, जादा मात्रा, शून्य ते दहा यांपैकी वेदना किती (आत्या बोटांनी दाखवू शकतील), आणि शौचास झाले की नाही, एवढे रोज लिहीत जा. एका दिवसात जादा मात्रा किती वेळा लागल्या, त्यावरून डॉक्टर नेहमीची मात्रा वाढवतात, म्हणून फोन करताना आणि औषध आणायला जाताना ती वही हाताशी असू द्या.