अँड जस्टिस फॉर ऑल : बेस कुठे गेला बे? हेडफोन खराब की अल्बमच असा?

कूलर_चालू_आहे
मास्टर ऑफ पपेट्स घासून घासून ऐकल्यावर आता मेटॅलिका या मेटल बँडच्या १९८८ च्या जस्टिस अल्बमवर आलो आणि डोकं भंजाळून गेलं. बेस गिटार ऐकूच येत नाही ना! आधी वाटलं बर्डीवरून घेतलेले स्वस्तातले हेडफोन आहेत, वरून खोलीत कूलर घरघरून राहिला, म्हणून मित्राच्या घरी प्रतापनगरला मोठ्या स्पीकरवर लावून पाहिलं, तिथंही तेच. आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडण, एक म्हणतो यांचं सगळ्यात डोकेबाज काम हेच, दुसरा म्हणतो गाणी संपतच नाहीत, मधात चहा करून येतो तरी तोच रिफ (परत परत येणारी गिटारची धून) चालू. मी सध्या बेस शिकून राहिलो म्हणून मला जास्त टोचतं. २०१८ चा रिमास्टर लावला तर बेस येईल का?

रिफवाला_सदर
हेडफोन फेकू नको, ते बरोबर आहेत. बेस मुद्दाम दाबलेला आहे.

आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि हा त्याचा मेटॅलिकासोबतचा पहिला पूर्ण स्टुडिओ अल्बम. पोट्ट्यानं बेस वाजवलाय, नीट वाजवलाय. फ्लेमिंग रासमुसेन, जो प्रोड्यूसर होता, तो आजही त्या बेस ट्रॅकची तारीफ करतो. मिक्स, म्हणजे कोणतं वाद्य किती मोठं ठेवायचं ते काम, केलं स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी, आणि थॉम्पसनचं म्हणणं असं की ड्रमवाल्या लार्सनं बेस खाली घ्यायला सांगितला, इतका की जेमतेम ऐकू यावा, आणि तिथवर आणल्यावर म्हणे अजून खाली घे. त्यात बँडचा अमेरिकेत दौरा चालू, रोज स्टेजवर कान फोडून घ्यायचे आणि मग मिक्सला येऊन बसायचं. अशा कानांनी काय कप्पाळ निवाडा होणार.

दुसरं कारण कोणी सांगत नाही. हेटफिल्डच्या गिटारचा मधला भाग कापून टाकलाय, तळ आणि टोक तेवढं ठेवलं. म्हणजे बेसची जी जागा होती तिथं गिटारच पाय पसरून बसली. वरून जेसन बऱ्याच ठिकाणी गिटारचाच रिफ जसाच्या तसा वाजवतो, मग तो वेगळा कळणार कसा? क्लिफ वेगळी वाट धरायचा म्हणून ऐकू यायचा.

रिमास्टरची आशा सोड. रिमास्टर म्हणजे मिक्स होऊन तयार झालेल्या गाण्यावर हात फिरवणं, त्यातला एकटा बेस उचलून वर आणता येत नाही, त्याला मिक्सच नव्यानं करावं लागतं आणि ते त्यांनी केलं नाही.

ढोल_सक्करदरा
एवढी वकिली कशाला? साउंड कोरडा ठाक आहे, विषय संपला. आपल्याकडे वरातीत धुमाल लागली की छातीच्या पिंजऱ्यात धडधडते, आणि इथं जगातला एवढा मोठा थ्रॅश बँड पासष्ट मिनिटं वाजवतो तरी पोटात काही हलत नाही. किक ड्रम तर नुसता टकटक टकटक. आणि गाणी. टायटल ट्रॅक पावणेदहा मिनिटांचा, टू लिव्ह इज टू डाय तेवढाच. त्यांना स्वतःलाच कंटाळा आला असेल, नाहीतर १९९१ च्या ब्लॅक अल्बममध्ये बॉब रॉक या प्रोड्यूसरला आणून एवढी आटोपशीर गाणी काऊन केली असती?

रिफवाला_सदर
@ढोल_सक्करदरा साउंडचा राग गाण्यांवर नको काढू भाऊ. टू लिव्ह इज टू डायमध्ये क्लिफचे उरलेले रिफ आहेत, लिहिणाऱ्यांत त्याचं नाव आहे, तो गेल्यावर दोन वर्षांनी. ते दहा मिनिटं चाललं तर मला चालते.

मोरभवन_मेटल
दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलून राहिले. साउंड वाईट आणि गाणी कठीण हे दोन वेगळे मुद्दे आहेत, लोक एकात मिसळतात आणि मग रात्रभर वाद. ब्लॅकन्ड ऐका (त्यात जेसनचंही नाव आहे बरं का, अख्ख्या अल्बमवर त्याचं तेवढंच). सुरुवातीची गिटार उलटी फिरवलेली आहे, आणि पुढे गाणं सुरू झालं की सातची मोजणी येते. ज्यांना रूपक ताल ठाऊक त्यांना जड जाणार नाही, बाकीचे मान हलवताना चुकतात. मी पण चुकायची.

आणि वन? हळू सुरू होऊन शेवटी मशीनगनसारखा डबल बेस ड्रम. त्यांचा पहिला व्हिडिओ याच गाण्याचा. १९८९ ला हार्ड रॉक/मेटलचा ग्रॅमी जेथ्रो टल या मेटल नसलेल्या रॉक बँडला गेला, सगळे चाट पडले, पुढच्या वर्षी वनला मिळाला.

२०११ ला बेंगळुरूला आले होते ना, गुडगावचा शो रद्द झाला त्याच दौऱ्यात. संघमित्रा एक्सप्रेसनं गेलो होतो आम्ही, परत येताना बसायला जागा नाही. तिथं वन लागलं तेव्हा खालून जेसननंतरच्या बेसवाल्याचा, ट्रुहियोचा बेस आला आणि मला पहिल्यांदा कळलं की हे गाणं मुळात केवढं भरलेलं आहे. म्हणून म्हणते, आधी लाइव्ह रेकॉर्डिंग ऐक, मग अल्बमवर ये. सलग नऊ गाणी नको. ब्लॅकन्ड, वन, मग डायर्स ईव्ह, ते पाच मिनिटांत काम तमाम करते.

कूलर_चालू_आहे
लाइव्ह लावलं आत्ता. अबे हे तर वेगळंच गाणं वाटून राहिलं!! पण मग शिकू कसं? अल्बमवरून बेस ऐकून उतरवता तर येत नाही.

रिफवाला_सदर
२००९ ला गिटार हिरोचा मेटॅलिकावाला गेम आला होता, त्यातून यातल्या काही गाण्यांचे ट्रॅक वेगवेगळे बाहेर पडले आणि पोरांनी बेस वर करून मिक्स बनवले. डायर्स ईव्ह, द शॉर्टेस्ट स्ट्रॉ वगैरे सापडतील. त्यावरून बोटं बसव. आणि बोटं बसली की मूळ अल्बम लाव आणि त्याच्यावर वाजव, बेसची जागा रिकामीच आहे, तुझाच बेस ऐकू येईल. बेसवाल्यासाठी याच्यापेक्षा चांगला बॅकिंग ट्रॅक नाही बे.

ढोल_सक्करदरा
हे मात्र मान्य. डायर्स ईव्हपासून सुरू नको करू फक्त, मनगट जाईल. हार्वेस्टर ऑफ सॉरो घे, हळू आहे.