गिंकोचा शेंडा हलत नाही, पानांच्या कडा करपतात

परसबाग: बियांपासूनचं गिंकोचं झाड (पंख्यासारख्या पानांचं) जमिनीत लावलंय, उंची साधारण ३ फूट. दुसरा हंगाम चालू आहे, तरी शेंडा बोटभरच सरकलाय. ऐन उन्हाळ्यात पानांच्या कडा तपकिरी होतात. खत वाढवू का? आणि झाड नर की मादी, हे आत्ता कळेल?

खुरपं: खत मुळीच वाढवू नका. जमिनीत गेल्यावर गिंको आधी मुळं पसरवतं, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं वाढ दिसत नाही. फांदीवर दाट वळ्यांचे आखूड खुंट आणि त्यांच्या टोकाला पानांचा झुबका दिसेल. हे खुंट वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. उंची वाढते ती लांब फुटव्यांनी, आणि मुळं रुजल्याशिवाय ते जोमाने येत नाहीत. तोवर शेंडा छाटू नका, सरळ खोड बिघडतं.

कडा करपण्याचं कारण बहुधा पाणी. खताचे क्षार साचले तरी पानं अशीच दिसतात. बुंध्यापासून वीतभर अंतरावर १० सेंमी खोल उकरून पाहा. माती कोरडी असेल तर आठवड्यातून एकदा १०-१५ लिटर पाणी सावकाश सोडा. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. आच्छादन ५-७ सेंमी, खोडापासून चार बोटं लांब.

पानगळ: पानाच्या खाचेवरून नर-मादी ओळखतात म्हणे, पण त्यात तथ्य नाही. बियांच्या झाडाला फुलोरा यायला २०-३० वर्षंही लागतात. मादीच्या बियांवरच्या गरात ब्युटिरिक आम्ल असतं, म्हणून पडलेला गर खवट लोण्यासारखा घाण वासतो. त्याने अंगावर पुरळही उठतं, तेव्हा हातमोजे घालूनच उचला. दाराजवळ नरच हवा असेल तर ‘प्रिन्स्टन सेंट्री’ किंवा ‘ऑटम गोल्ड’ या नर वाणांचं कलम घ्या आणि जोडाखालचे फुटवे लगेच काढा. ते खुंटरोपाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या रोपाचे असतात, नराचे असतीलच असं नाही.

परसबाग: उकरून पाहिलं. खाली माती चिकट आणि ओली आहे, कुबट वासही येतो.

खुरपं: मग मुळं गुदमरताहेत. पाणी आत्ताच थांबवा. पानं गळल्यावर, फांद्यांवरचे डोळे फुगायच्या आत, झाड मुळांभोवतीच्या मातीच्या मोठ्या गोळ्यासह काढून २०-३० सेंमी उंच पसरट वरंब्यावर लावा. खोड जिथे रुंदावून मुळं सुटतात तो भाग मातीबाहेर दिसला पाहिजे. खड्ड्याच्या तळाशी खडी घालू नका, चिकण मातीत पाणी नेमकं तिथेच साचतं.