सॉसमधलं 415 म्हणजे नक्की काय?

सिडकोकर_ताई: सॉसच्या बाटलीमागे 415 लिहिलंय, सासूबाई म्हणतात नॉनव्हेज असणार. कोणाला माहितीय का?

निफाडचा_बागायतदार: नॉनव्हेज नाही हो ताई, हे खाण्यात घातलेल्या पदार्थांचे नंबर असतात, 415 म्हणजे झँथन गम. कोबीवर काळी कूज येते ना, पानाच्या कडेला पिवळा व्ही पडतो आणि शिरा काळ्या होतात, तिचाच बॅक्टेरिया टाकीत साखरेवर वाढवतात, तो जो चिकट पदार्थ सोडतो तो वेगळा काढून, वाळवून पावडर करतात. 1960 च्या आसपास अमेरिकेत निघालं हे. आमच्या कोबीचं वाटोळं करणारा तिकडे सॉस दाट करतो, काय बोलायचं 😄

पंचवटी_77: नॉनव्हेज बघायचं तर 120 बघा, तो लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांचा, जास्त करून पेरू देशातून येतो. आणि चकचकीत गोळ्यांवर 904 असेल तर ती लाख, ती पण किड्याचीच.

गंगापूर_रोडवाला: द्राक्षवाले 334 विसरले? टार्टरिक ॲसिड, वाइनच्या टाकीला आतून जे खडे धरतात त्यातून काढतात. वायनरीत गेलात तर विचारा, दाखवतील पण.

सिडकोकर_ताई: 120 नाहीये, सुटले! पण सासूबाईंना बॅक्टेरिया सांगू की नको?

निफाडचा_बागायतदार: दह्यात पण असतात म्हणा.