बोन मॅरोतल्या पेशी वेगळ्या करायच्या: हाताने की मशीनवर?

कोथरूडचा लॅबवाला: पुण्यातल्या एका ट्रान्सप्लान्ट लॅबमध्ये आहे. केस अशी: थॅलेसेमियाची मुलगी, रक्तगट ओ. दाता सख्खा भाऊ, एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवतात त्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलंय, पण रक्तगट बी. मॅरो ६०० मिली आला तर त्यात १८० मिलीच्या आसपास लाल पेशी असणार. मुलीच्या रक्तात बी-विरोधी अँटीबॉडी आहेतच, म्हणजे लाल पेशी काढल्याशिवाय बॅग लावता येत नाही. साहेबांना मशीन हवंय. मी म्हणतो, १.०७७ घनतेचं फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळं करणारं द्रव) घ्या आणि हाताने करा. लाल पेशी नि न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तळाला जातात, आपल्याला हव्या त्या मूळपेशी (स्टेम सेल) मधल्या पांढुरक्या थरात सापडतात. १९६८ पासूनची पद्धत आहे. मशीनच्या किटचे पैसे शेवटी मुलीच्या बापालाच भरायचे आहेत.

पाषाणची ताई: अहो, ६०० मिली दुप्पट पातळ केलं की १२०० झालं. ट्यूबला ३० मिली धरा, ४० ट्यूब! तेवढी झाकणं उघडायची, वर धुवायच्या फेऱ्या. जंतू शिरायला आमंत्रणच की.

कोथरूडचा लॅबवाला: ४० कशाला? आधी बॅगच फिरवून बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) काढायचा. १०० मिली उरतं, सात-आठ ट्यूबमध्ये भागतं.

गुरुवारचा बळी: हेटास्टार्च (स्टार्चपासून केलेलं द्रावण) कुणालाच आठवत नाही? बॅगेत घालून टांगून ठेवा. लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि आपल्या वजनाने खाली बसतात. बॅग बंदच राहते. आणि गुरुवारी लाइट गेली तरी गुरुत्वाकर्षण चालू असतं.

पाषाणची ताई: लाल पेशी मात्र फायकॉलपेक्षा जास्त मागे राहतात. इथे तोच तर प्रश्न आहे.

नवखा_एमएससी: एवढा खटाटोप करण्यापेक्षा सीडी३४ पेशी (ती खूण असलेल्या मूळपेशी) सरळ चुंबकाने वेचल्या तर? सगळ्यात शुद्ध माल.

रक्तविकारवाला: शुद्ध हवाय कुणाला? त्यात टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) हजारपटींहून कमी होतात. भाऊ पूर्ण जुळणारा आहे. मुलीने आजवर इतकं रक्त घेतलंय की कलम नाकारलं जाण्याचीच भीती जास्त, आणि ते रुजायला टी-पेशींची मदत लागते. अर्धं जुळणाऱ्या दात्यासाठी चुंबकाचा विचार समजू शकतो. तिथेही आता बरेच जण प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड (त्रासदायक टी-पेशी मारणारं औषध) देऊन स्वस्तात भागवतात.

पाषाणची ताई: लॅबवाले, मागच्या वेळी हाताने केलंत तेव्हा किती पेशी गेल्या?

कोथरूडचा लॅबवाला: एकूण पांढऱ्या पेशी तिसऱ्या हिश्श्यावर आल्या. पण गेले ते बहुतेक न्यूट्रोफिलच.

पाषाणची ताई: 'बहुतेक'? सीडी३४ आधी किती, नंतर किती?

कोथरूडचा लॅबवाला: नंतरची आहे. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ३० लाख. २० लाखांच्या वर आहे, म्हणजे पुरेशी.

पाषाणची ताई: आणि आधीची?

कोथरूडचा लॅबवाला: मोजली नव्हती. या वेळी मोजतो. पण मशीनवर केलंत तर तुम्हीही दोन्ही आकडे इथे टाका.