यासाची १२.७ किलोची मोटर खरंच ७५० किलोवॅट देते का? या कंपनीचा इतिहास कोणाला माहितीये?

इचलकरंजीकर_इलेक्ट्रिकल
नमस्कार मंडळी, मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मागाच्या मोटरी आणि पाण्याचे पंप हेच बघत मोठा झालोय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये यासा नावाच्या ब्रिटिश कंपनीने सांगितलं की त्यांच्या प्रोटोटाइपने टेस्टमध्ये ७५० किलोवॅट दिले आणि वजन फक्त १२.७ किलो. म्हणजे जवळपास हजार एचपी! बाबांना दाखवलं तर म्हणाले आकडा छापताना चुकला असेल, आपल्याकडची ५ एचपीची मोटर याच्यापेक्षा कितीतरी जड असते. मला सेमिनारसाठी हाच विषय घ्यायचाय. ही कंपनी कुठून आली, एवढी वर्षं काय करत होती आणि मोटर इतकी हलकी होते कशी, कोणी नीट समजावून सांगेल का?

चाकणवाला_मोटरडिझाइन
आकडा बरोबर आहे, पण तो पीक पॉवरचा, म्हणजे थोड्या वेळापुरत्या मिळणाऱ्या कमाल ताकदीचा आहे. सतत ३५० ते ४०० किलोवॅट मिळतील असं कंपनीचंच म्हणणं आहे. तुमच्या दुकानातली मोटर दिवसभर एका स्पीडवर चालायला बनवलेली असते, तिच्यात स्वस्त स्टॅम्पिंग (कापलेल्या पत्र्यांचा थर), ओतीव बॉडी आणि वरून पंख्याची हवा, त्यामुळे तुलना करताना बाबांना हे आधी सांगा.

आता इतिहास. टिम वूल्मर नावाचा मुलगा ऑक्सफर्डला पीएचडी करत होता, माल्कम मॅककुलक त्याचे गाइड. तेव्हा मॉर्गन कंपनीच्या लाइफकार नावाच्या हायड्रोजन गाडीसाठी (ही २००८ ला जिनिव्हाच्या शोमध्ये दाखवली) युनिव्हर्सिटी मोटर बनवत होती, आणि त्या कामातून हे डिझाइन पुढे आलं. २००९ मध्ये कंपनी निघाली. यासा म्हणजे योकलेस अँड सेगमेंटेड आर्मेचर, आख्खं डिझाइन नावातच आहे.

तुम्ही रिवाइंडिंगवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. नेहमीच्या स्टेटरमध्ये (मोटरचा न फिरणारा भाग) तारांच्या खाचांच्या, म्हणजे स्लॉटच्या मागे जी लोखंडाची जाड रिंग असते ना, तो योक. फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) एका दातातून, म्हणजे दोन स्लॉटमधल्या लोखंडातून येऊन त्या रिंगेतून फिरून दुसऱ्या दातातून परत जातो, म्हणजे ते लोखंड फक्त रस्ता म्हणून वागवायचं. यासाची मोटर भाकरीसारखी चपटी असते, मधे स्टेटर आणि दोन्ही बाजूंना चुंबकांच्या तबकड्या. फ्लक्स एका तबकडीतून निघून दातातून सरळ आरपार दुसऱ्या तबकडीत जातो, त्यामुळे स्टेटरला योक लागतच नाही आणि तेवढं लोखंड गेलं! शिवाय चुंबक बाहेरच्या कडेला, त्रिज्या जास्त, म्हणून टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त.

दात सुटे असतात. प्रत्येकावर कॉइल बाहेरच गुंडाळायची आणि मग सगळे गोल मांडायचे, म्हणजे स्लॉटमध्ये तारा कोंबायची भानगड नाही आणि ओव्हरहँग (लोखंडाबाहेर राहणारी तार) अगदी कमी. स्टेटर बंद डब्यात असतो आणि तेल थेट कॉइलवरून फिरतं. एवढ्याशा जागेतून इतका करंट जाऊ शकतो तो या तेलामुळेच, माझ्या मते निम्मं श्रेय कूलिंगला द्यायला हवं.

रेडिंगची_मराठी
मी ऑक्सफर्डपासून फार लांब राहत नाही, इंजिनिअर नाहीये पण इलेक्ट्रिक रेसिंग आवडीने फॉलो करते म्हणून थोडी भर घालते. २०१३ च्या जूनमध्ये यॉर्कशायरमधल्या एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर ड्रेसन रेसिंगच्या गाडीने यासाच्या मोटरींवर ताशी ३२८ किमीचा रेकॉर्ड केला होता, हजार किलोच्या आतल्या इलेक्ट्रिक गाड्यांमधला. मग २०१५ ला कोनिगसेगची रेगेरा आली, २०१९ ला फेरारी एसएफ९०. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रोल्स-रॉईसच्या स्पिरिट ऑफ इनोव्हेशन या छोट्या इलेक्ट्रिक विमानाने ३ किमीच्या टप्प्यात ताशी ५५५.९ किमी गाठले, त्यातही यासाच्या तीन मोटरी होत्या.

त्याच वर्षी जुलैमध्ये मर्सिडीजने कंपनी विकत घेतली. विमानाचं काम एव्होलिटो नावाने वेगळं काढलं आणि कारच्या मोटरी बनवायला मर्सिडीजने बर्लिनचा मरिएनफेल्डेचा जुना इंजिन कारखाना निवडला. मला मनापासून वाटतं की मोठा कारखाना इथेच उभा राहायला हवा होता, शोध इथला, माणसं इथली. तरी डिझाइनचं काम अजून ऑक्सफर्डजवळच चालतं हे बरं आहे.

इचलकरंजीकर_इलेक्ट्रिकल
दादा आणि ताई, खूप आभार!! योकचं बाबांना लगेच पटलं, त्यांनी एक जळालेला स्टेटर काढून मला मागची रिंग दाखवली, निम्मं लोखंड तिथंच दिसतंय. पण मग डिझाइन इतकं सरळ आहे तर २००९ पासून सगळ्यांनी का नाही बनवली? आणि जळाली तर रिवाइंड होईल का?

चाकणवाला_मोटरडिझाइन
कागदावर सरळ आहे, बनवायला अवघड. चुंबकाची तबकडी आणि दात यांच्यातली गॅप जेमतेम मिलिमीटरभर, आणि चुंबक तबकडीला सतत आत ओढत असतात. दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना तोलते हे खरं, पण गॅप जराशी जरी कमीजास्त झाली की तोल जातो आणि तबकडी वाकून घासायला लागते. दातांसाठी लोखंडाची पावडर दाबून वापरतात, कणाकणावर इन्सुलेशन असतं, त्यामुळे हवा तो आकार मिळतो, पण हा माल साध्या स्टॅम्पिंगसारखा चिवट नसतो. प्रत्येक दात जागेवर पक्का बसवून हे हजारोंनी तेच ते करायचं म्हणजे मशिनरी स्वतःच उभी करावी लागते. म्हणून त्यांनी आधी महागड्या, कमी संख्येच्या गाड्या पकडल्या, आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण तिथे एका मोटरीची किंमत कोणी विचारत नाही आणि तेवढ्यात शिकायला वेळ मिळतो.

रिवाइंडचं म्हणाल तर कॉइल सुट्या असल्या तरी आख्खा स्टेटर सीलबंद असतो, आपल्या दुकानात उघडून वार्निश मारण्यासारखं काम नाही ते.

लोहचुंबक_७७
सेमिनारमध्ये चुंबकांचा एक मुद्दा नक्की घ्या. यात निओडिमियमची चुंबकं लागतात आणि एप्रिल २०२५ ला चीनने रेअर अर्थ (अशा चुंबकांना लागणारे धातू) निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा आपल्याकडे बजाजच्या चेतकच्या उत्पादनालाही फटका बसला होता. मोटर कितीही हलकी करा, चुंबक मिळालं नाही तर लाइन थांबते. बंगळुरूची चारा टेक्नॉलॉजीज चुंबकाशिवायच्या मोटरींवर काम करतेय, तीही बघा. वजनात ती यासाला गाठणार नाही, पण रिक्षाला हजार एचपी लागत नाहीत.

इचलकरंजीकर_इलेक्ट्रिकल
हो, हा मुद्दा घेतोच. बाबा आता विचारतायत की ती लोखंडाची पावडर आपल्याकडे थोडी विकत मिळते का, त्यांना एकच दात बनवून त्यावर कॉइल गुंडाळून बघायचीये. पुण्यात कोणी छोट्या प्रमाणात देत असेल तर सांगा प्लीज.