लूर्द-फातिमा ग्रुप यात्रेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईला घेऊन पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) ग्रुपबरोबर फ्रान्समधलं लूर्द आणि पोर्तुगालमधलं फातिमा या मारियामातेच्या तीर्थस्थानांच्या यात्रेला जायचंय, कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा. आई ७१ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर चालते पण चढ आला की थांबते आणि थांबली की ग्रुप पुढे निघून जाईल याचीच तिला धास्ती. लूर्दला मारियामातेने दर्शन दिलेल्या गुहेच्या वरच्या टेकडीवरचा क्रूसाचा मार्ग (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे, जिथे थांबत प्रार्थना करतात) चढाचा आहे, आजारी माणसांसाठी खाली सपाटीवर वेगळा आहे हे माहितीये, पण ग्रुप वर गेला तर आम्हा दोघींना खाली थांबू देतात का? रात्री ९ची मेणबत्त्यांची मिरवणूक तिला चुकवायची नाहीये, तिथले स्वयंसेवक व्हीलचेअर ढकलायला मदत करतात म्हणे, ते आधी कळवावं लागतं का?

खरी काळजी फातिमाची आहे. तिथे लोक संगमरवरी पट्ट्यावरून गुडघ्यांवर चॅपलपर्यंत जातात आणि आईने तसा नवस बोललाय. परवा रात्री बघते तर पलंगाशेजारी चादरीची घडी घालून त्यावर गुडघे टेकायची प्रॅक्टिस करत होती, हातात जपमाळ, ओठ घट्ट मिटलेले. मला तिला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला भीती वाटते. कोणाच्या आईवडिलांनी असा नवस दुसऱ्या रीतीने फेडलाय का, फादरांनी काय सांगितलं? आणि दोन ठिकाणांमधला बसप्रवास म्हाताऱ्यांना झेपतो का, की विमानाने नेणारा ग्रुप बघू?