मदत हवी आहे : सॅम मिचेलचं २००१ सालचं खेळणं कुणी जवळून पाहिलंय का? (मुलाचा ड्राफ्ट हुकलाय)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, सध्या मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. या मंचावर क्रिकेटवर भरभरून बोललं जातं, फुटीवर म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर क्वचितच. तरी मेलबर्न, ॲडलेड, पर्थकडची बरीच मंडळी इथं वाचत असतात, म्हणून विचारतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा १८ वर्षांचा, मिडफिल्डर. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, क्लबला आवडला म्हणून मुलगा थेट घेता येत नाही. नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो आणि क्लब आपापल्या क्रमांकाला एकेक नाव पुकारतात. यंदा दोन्ही रात्री आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. त्याचं नाव आलं नाही. नंतर कळलं ते एवढंच, की वीस मीटरच्या धावेत वेळ जास्त लागतो. आता व्हीएफएल या व्हिक्टोरियातल्या खालच्या स्पर्धेतल्या एका संघानं सरावाला बोलावलंय. जायचं की नाही, यावर तो आठ दिवस गप्प आहे.

त्याला धीर द्यायला मला कुणाची गोष्ट नको आहे. सॅम मिचेल, म्हणजे हॉथॉर्न या एएफएल क्लबचा गाजलेला खेळाडू, तोही ड्राफ्टमध्ये आधी नाकारला गेला होता. त्याची गोष्ट मुलाला माझ्याहून चांगली पाठ आहे. मला हवंय ते वेगळं, त्या एका वर्षात मिचेलनं नेमकं काय केलं ते. म्हणजे मुलाशी बोलताना माझ्या हातात काहीतरी ठोस असेल.

मला जेवढं माहीत आहे ते आधी मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा. मिचेल आमच्याच बाजूचा, मूरूलबार्कचा. ऑक्टोबर १९८२चा जन्म. १८ वर्षांखालच्या स्पर्धेत ईस्टर्न रेंजेसकडून खेळला आणि २०००च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. उंची बेताची, पायांत वेग नाही. २००१मध्ये तो व्हीएफएलमध्ये बॉक्स हिलकडून उतरला. बॉक्स हिलचं हॉथॉर्नशी वर्षभरापूर्वीच नातं जुळलं होतं, हॉथॉर्नचे मुख्य संघात न बसणारे खेळाडू तिथं खेळत. त्या वर्षी बॉक्स हिलनं स्पर्धा जिंकली आणि नोव्हेंबरात हॉथॉर्ननं ३६व्या क्रमांकाला मिचेलचं नाव पुकारलं.

हा ३६वा क्रमांक आला कुठून, ते मला फार रंजक वाटतं. हॉथॉर्ननं ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोन खेळाडू फ्रीमँटलला दिले आणि बदल्यात १, २० आणि ३६ हे क्रमांक घेतले. पहिल्या क्रमांकावर ल्यूक हॉज आला. सगळं बोलणं हॉजबद्दल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांवर गेलेल्या ल्यूक बॉल आणि ख्रिस जडबद्दल. त्याच सौद्याच्या शेपटाला मिचेल. आज त्या ड्राफ्टकडे पाहिलं की थक्क व्हायला होतं. जड, जिमी बार्टेल, गॅरी ॲब्लेट धाकटा, डेन स्वॉन आणि मिचेल, पुढे ब्राउनलो पदक (एएफएलमधल्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळवणारे पाच जण त्या एकाच वर्षी निवडले गेले. त्यातला स्वॉन तर ५८वा.

पण मला खरं कुतूहल आहे २००२चं. निवड झाली, पहिले सामने मिळाले, आणि तरी मिचेलला पुन्हा बॉक्स हिलला पाठवलं गेलं. एकदा नाकारला गेलेला मुलगा अशा वेळी मनानं खचू शकतो. यानं त्याच वर्षी लिस्टन ट्रॉफी पटकावली, म्हणजे व्हीएफएलमधला सर्वोत्तम खेळाडू. २००३मध्ये एएफएलचा रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडू. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, २००८ला कप्तान म्हणून विजेतेपद, मग २०१३, २०१४, २०१५. २०१२चं ब्राउनलो जोब वॉटसनकडून काढून घेतल्यावर २०१६मध्ये त्याला आणि ट्रेंट कॉचिनला मिळालं. पण माझं काम २००३पाशी थांबतं.

आता माझी समज सांगतो. मी शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलो, कोपऱ्यावर. आमचे सर सांगायचे, चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघू नको, कमरेकडे बघ. एकाच अंगानं वळणारा गडी कितीही चपळ असो, दोन चढायांत कळतो आणि मग कोपरा त्याची वाटच बघत बसतो. मिचेलच्या जुन्या चित्रफिती पाहताना मला हेच आठवलं. तो दोन्ही पायांनी लाथ मारतो आणि दोन्ही हातांनी हँडबॉल देतो. (हँडबॉल म्हणजे एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या मुठीनं मारणं, फुटीत चेंडू फेकता येत नाही.) उजव्या अंगाच्या खेळाडूला गर्दीत चेंडू मिळाला की आधी उजवीकडे वळावं लागतं आणि तिथंच तो पकडला जातो. मिचेलला वळावंच लागत नाही. वीस मीटर पळायची वेळच तो येऊ देत नाही, चेंडू तोवर मोकळ्या माणसाच्या हातात गेलेला असतो. घड्याळ लावून हे मोजता येत नाही. म्हणूनच तो निवडणाऱ्यांच्या नजरेतून सुटला असावा, असं मला वाटतं.

माझा मुलगा पक्का उजव्या अंगाचा आहे. हे मी त्याला दोन वर्षं सांगतोय, पण कबड्डीवाल्या बापाचं कोण ऐकतं!

तर मदत अशी हवी आहे. २००१-०२ मध्ये बॉक्स हिलच्या सिटी ओव्हलवर जाऊन ज्यांनी सामने पाहिलेत, त्यांनी आठवत असेल ते सांगा. मोठ्या पुरुषांत खेळताना मिचेल कुठं उभा राहायचा? सेंटर बाउन्सला (मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटून खेळ सुरू करतात तेव्हा) रकमनच्या, म्हणजे उडी मारून चेंडू टोलवणाऱ्या उंच खेळाडूच्या, कुठल्या बाजूला? आणि ज्यांची मुलं ड्राफ्ट हुकल्यावर व्हीएफएल, वॉफल (पश्चिम ऑस्ट्रेलियातली स्पर्धा) किंवा सॅनफलमध्ये (दक्षिण ऑस्ट्रेलियातली) गेली, त्यांनी पहिल्या वर्षाचा अनुभव लिहावा. बरा-वाईट, दोन्ही.

प्रतिसाद, पर्थहून :

दादा, बॉक्स हिलचं मला सांगता येणार नाही, पण इथं आम्ही मॅट प्रिडिस डोळ्यांसमोर घडताना पाहिला. तोही ड्राफ्टमध्ये सुटलेला आणि तोही पळण्यात मंद. सुबियाकोकडून वॉफल खेळायचा. वेस्ट कोस्ट या एएफएल क्लबनं त्याला घेतलं तेही रुकी यादीत, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या नवख्यांत. २००६ला त्यानं वॉफलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं सँडोव्हर पदक मिळवलं. त्याच वर्षी वेस्ट कोस्टनं एएफएल जिंकली, पण अंतिम सामन्यात हा नव्हता. आठ वर्षांनी, २०१४ला, ब्राउनलो. कुरळ्या केसांचा हा माणूस गर्दीच्या तळाशी वाकून चेंडू उपसत असायचा, त्यामुळे मैदानात ओळखू यायला वेळ लागायचा नाही. तुमच्या निरीक्षणात एक भर घालते. प्रिडिसचं बळ वळण्यात नव्हतं, चेंडूपाशी आधी पोचण्यात आणि टॅकल करण्यात, म्हणजे चेंडूवाल्याला धरून अडवण्यात होतं. तेव्हा मुलाला मिचेल बनवायला जाऊ नका. त्याचं स्वतःचं काय आहे ते त्याच्या प्रशिक्षकाला विचारा.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. बोलावणारा संघ कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. एएफएल क्लबशी जोडलेला असेल तर त्या क्लबची माणसं रोज तुमच्या मुलाला बघतील, मिचेलला तोच फायदा झाला. पण तिथं जागा आधी एएफएल क्लबच्या यादीतल्या खेळाडूंना. मिडफिल्ड भरलेलं असेल तर तुमच्या मुलाला बाजूच्या पॉकेटमध्ये (गोलजवळच्या कोपऱ्यात) उभं करतील किंवा खालच्या स्थानिक क्लबात पाठवतील. वेरिबी, विल्यमस्टाउन, पोर्ट मेलबर्न, कोबर्ग, फ्रँकस्टन हे स्वतंत्र संघ. तिथं पाहणारे डोळे कमी, पण प्रत्यक्ष मिडफिल्डमध्ये खेळायला मिळण्याची शक्यता जास्त. १९व्या वर्षी खेळणं मोलाचं, असं माझं मत.

आणि आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावंच लागतं असं नाही. २०१९पासून हंगामाच्या मध्यावर रुकी ड्राफ्ट पुन्हा होऊ लागलाय. साउथ फ्रीमँटलच्या मार्लियन पिकेटला रिचमंडनं त्याच वर्षी असा उचलला, आणि एएफएलमधला पहिलाच सामना तो अंतिम फेरीचा खेळला, जिंकलाही. टिम केलीसुद्धा साउथ फ्रीमँटलचाच. कितीदा ड्राफ्टमध्ये सुटला, शेवटी २०१७ला जिलाँगनं २४व्या क्रमांकाला घेतला तेव्हा २३ वर्षांचा होता. सरावाला जायचं तर उन्हाळ्यातच जायला हवं. मार्चमध्ये ठरवून उपयोग नाही, तोवर संघ ठरलेला असतो.

धागाकर्ता :

ताई, मनापासून आभार. संघांच्या प्रकाराचा हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी आपला मिचेलच्या वाटेनं पुढे पुढे बघत होतो. बोलावणं आलंय ते स्वतंत्र संघाकडून, आणि मी मनातून थोडा हिरमुसलो होतो, की एएफएलवाल्यांच्या नजरेत हा येणार कसा. काल रात्री तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. मराठी त्याला वाचता येत नाही, ऐकून सगळं कळतं. प्रिडिसचं ऐकल्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला. म्हणाला, "बाबा, टॅकल माझे चांगले आहेत, ते तुम्ही कधी बघत नाही." खरं आहे. मी त्याच्या पायांकडेच बघत आलो.

मंगळवारी जाऊन येतो म्हणालाय. डाव्या हाताच्या हँडबॉलचं मी आता काही बोलणार नाही, प्रशिक्षकांना सुचलं तर ते सांगतील.

आता अडचण प्रवासाची. मैदान शहराच्या पार पश्चिमेला, आम्ही पूर्वेला, आणि सराव संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी. आठवड्यातून तीनदा हे कसं जमवायचं? पश्चिमेकडे राहणारी, किंवा पूर्वेकडून तिकडे नियमित गाडी नेणारी कुणी मराठी मंडळी असतील तर व्यक्तिगत निरोप करा. पेट्रोल अर्धं मी देईन. आणि बॉक्स हिलचे २००१-०२चे सामने पाहिलेल्यांची वाट अजून बघतोय, तो प्रश्न तसाच उघडा आहे.